दुभाष्याचे ऋण

जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाचा मागील सोहळा २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०२५ च्या जानेवारीत संपला. ‘गोंयचो सायब’ म्हणून त्यांना गोव्यातील हिंदूही ओळखतात. आमचे सर्वण गाव डिचोली महालातले. हा महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आला. त्यामुळे धर्मांतराचा जो तडाखा जुन्या काबिजादींना बसला, तो आमच्या गावांना तसा बसला नाही. म्हणूनच की काय, झेवियर यांच्या चरित्राकडे पाहताना आमचे लक्ष त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका दुर्लक्षित माणसाकडे जाते.

तो माणूस म्हणजे कागोशिमाचा अंजिरो. हातून मनुष्यवध घडल्यामुळे तो मायदेशातून पळाला. मलाक्का येथे त्याची झेवियर यांच्याशी भेट झाली आणि १५४८ च्या मे महिन्यात गोव्यात त्याने बाप्तिस्मा घेतला. येथील सेंट पॉल विद्यालयात तो शिकला. १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर कागोशिमास उतरले, तेव्हा त्यांची वाणी अंजिरोच्या मुखातूनच प्रकटणार होती.

घोटाळा झाला तो येथेच. परमेश्वर या अर्थी अंजिरोने ‘दाईनिची’ हा शब्द सुचविला. दाईनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध! शिंगोन पंथाच्या भिक्षूंना हे पाहुणे आपलेच वाटले. चूक उमगताच झेवियर यांनी तो शब्द टाकून ‘देऊस’ हा लॅटिन शब्द योजिला. अर्थ सुरक्षित राहिला खरा. परंतु ऐकणाऱ्याच्या कानी देव परका झाला. अंजिरोला दोष देणे सोपे आहे. तो काही शास्त्री नव्हता. दोन धर्मांच्या मध्ये उभा असलेला एकटा गृहस्थ होता.

याच वाटेने पुढे आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया गेले. जपानात राहून त्यांनी ती भाषा आत्मसात केली. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. धर्मप्रचारकांमागून परकी सत्ता येईल, हा संशय तेथे बळावत गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत गार्सियाही होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे; अंजिरोच्या वाट्याला तेवढेही स्मरण आले नाही.

आम्हांस वाटते, दोन लोकांमध्ये जो उभा राहतो त्याचे दुःख वेगळेच असते. अर्थ जुळला तर श्रेय बोलणाऱ्याचे. बिघडला तर दोष याचा. आणि राजाचा रोष झाला तर मरणही याच्याच वाट्याला! गोव्यात तर घरोघर मराठी, कोकणी आणि परकी भाषा एकत्र नांदत आल्या आहेत. दुसऱ्याचा देव आपल्या शब्दांत सांगण्यापूर्वी त्या शब्दांत त्याचे स्वतःचे कोणते दैवत वसते आहे, हे आधी विचारावे, एवढा धडा अंजिरोच्या चुकीतून आपण घेतला, तरी त्याचे ऋण थोडे फिटेल.