सीमेपाशी थांबणारा परवाना

ब्रिटनमधल्या ज्या घरात दूरचित्रवाणी पाहिली जाते, त्या घराला परवाना शुल्क भरावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झाले. घरात टीव्हीचा संच नाही, सारे काही मोबाइलवरच पाहतो, असे सांगून सुटका होत नाही. या शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीचा ‘आयप्लेअर’ हा ऑनलाइन मंच वापरायचा तर १ सप्टेंबर २०१६ पासून परवाना सक्तीचा आहे. विनापरवाना पाहणे हा तिथे फौजदारी गुन्हा असून त्यासाठी एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. इतक्या सक्तीने घेतलेल्या पैशांच्या बदल्यात मिळणारी सेवा मात्र देशाच्या वेशीवर संपते. वर्षाचे शुल्क भरलेला माणूस आठ दिवसांसाठी पॅरिसला गेला किंवा लंडनमधले मराठी कुटुंब दिवाळीला पुण्यात आले, की आयप्लेअर चालत नाही. माणूस तोच, खाते तेच, भरलेले पैसेही तेच असतात. बदललेला असतो तो फक्त इंटरनेट जोडणीचा देश. आमच्या मते हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय सार्वजनिक प्रसारणाच्या स्वतःच्या हिताविरुद्धही आहे. ज्याने शुल्क भरले त्याचा हक्क त्याच्याबरोबर प्रवास करू शकला पाहिजे, आणि जो परदेशात राहून पैसे भरायला तयार आहे त्याच्यासाठीही रीतसर दार हवे.

परवाना घराच्या पत्त्याला का बांधला गेला, हे समजण्यासारखे आहे. १९२२ मध्ये रेडिओसाठी दहा शिलिंगांचा परवाना सुरू झाला, १९४६ मध्ये दोन पौंडांचा दूरचित्रवाणी परवाना आला. त्या काळी संच म्हणजे दिवाणखान्यातले जड सामान. लहरी मनोऱ्यावरून येत आणि मनोऱ्याची कक्षा संपली की कार्यक्रमही संपत. पत्ता हाच प्रेक्षकाचा पुरावा होता आणि देशाची हद्द ही बव्हंशी तंत्राचीच हद्द होती. डिसेंबर २००७ मध्ये आयप्लेअर सुरू झाला आणि ही सांगड तुटली. पुढची जवळपास नऊ वर्षे आधी प्रसारित झालेले कार्यक्रम नेटवर पाहायला परवाना लागतच नव्हता. २०१६ मध्ये कायद्याने ती पळवाट बुजवली, आणि ते योग्यच झाले, कारण कार्यक्रम कोणत्याही पडद्यावर पाहिला तरी तो करायला पैसे लागतातच. पण त्या दुरुस्तीने फक्त वसुली नव्या युगात आणली, हक्क जुन्या युगातच राहिला. खरे तर परवाना माणसाबरोबर हिंडू शकतो हे ब्रिटिश नियमांनीच एका बाबतीत मान्य केले आहे. घरच्या पत्त्यावर परवाना असेल, तर त्या घरातला विद्यार्थी वसतिगृहात बॅटरीवर चालणाऱ्या, विजेच्या जोडाला न लावलेल्या उपकरणावर त्याच परवान्यात पाहू शकतो. पुण्याहून शिकायला गेलेल्या मुलीला ही सवलत मिळत नाही, कारण तिच्या आईवडिलांचे घर ब्रिटनमध्ये नसते. तिला खोलीसाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. तो घेऊन ती सुट्टीत घरी आली, की तिच्यासाठीही पडदा बंद. आयप्लेअरवरचे कार्यक्रम ब्रिटनमध्ये असताना मोबाइलवर उतरवून घेतले तर परदेशातही पाहता येतात, हीसुद्धा मान्य सोय आहे. वाचनालयाच्या सभासदाने पुस्तक गावाला नेलेले चालते, पण तिथून नवे मागवलेले चालत नाही, असा हा प्रकार झाला. उतरवलेला कार्यक्रम परदेशात पाहण्यास हरकत नसेल, तर तोच कार्यक्रम त्याच माणसाने तिथून थेट पाहण्यावर तत्त्वाचा आक्षेप उरत नाही.

या प्रश्नावर युरोपीय संघाने एक चांगले उत्तर शोधले होते. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार, सशुल्क ऑनलाइन सेवेचा ग्राहक संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरता गेला तरी त्याला घरच्यासारखीच सेवा द्यावी लागते. या नियमातली कायदेशीर युक्ती महत्त्वाची आहे. प्रवासातले पाहणे हे ग्राहकाच्या राहत्या देशातच झाले असे कायदा मानतो. त्यामुळे कंपनीला दुसऱ्या देशाचे हक्क नव्याने विकत घ्यावे लागत नाहीत आणि मूळ हक्कधारकाचा करारही मोडत नाही. मात्र याच नियमाने सार्वजनिक प्रसारणाच्या सक्तीच्या शुल्काला सेवेची किंमत मानले नाही. परिणामी खासगी कंपनीच्या ग्राहकाला प्रवासात पाहण्याचा हक्क मिळाला आणि सार्वजनिक प्रसारकाचा प्रेक्षक त्याच्या मर्जीवर राहिला; प्रसारकाने स्वतःहून या चौकटीत यायचे ठरवले तरच त्याला लाभ. ग्राहक कोणत्या देशाचा रहिवासी आहे हे पडताळण्यासाठी जे पुरावे नियमाने मान्य केले, त्यांत प्रसारण शुल्क भरल्याचा पुरावाही होता. म्हणजे दुसऱ्याची सेवा पाहण्यासाठी परवान्याची पावती चालते, पण ज्याच्यासाठी ती पावती फाडली त्याची सेवा पाहण्यासाठी चालत नाही. ब्रिटन संघाबाहेर पडले आणि १ जानेवारी २०२१ पासून तिथे तो नियमही उरला नाही. पण युक्ती उरलीच आहे. स्वतःच्या कायद्यात ती आणायला ब्रिटिश संसदेला कोणाची आडकाठी नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप हक्कांचा आहे, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. बीबीसी दाखवते ते सगळे तिच्या मालकीचे नसते. फुटबॉलचे हक्क देशवार विकले जातात, परदेशी चित्रपट फक्त ब्रिटनपुरते घेतलेले असतात. जे तिच्या मालकीचे असते तेही ती परदेशात विकते, आणि तो पैसा पुन्हा निर्मितीत येतो. ‘डॉक्टर हू’ या मालिकेची २०२३ पासूनची पर्वे डिस्नेच्या भागीदारीत झाली आणि ब्रिटन व आयर्लंडबाहेर ती डिस्नेनेच दाखवली. भारतात बीबीसीचे निसर्गपट २०१७ पासून सोनीबरोबरच्या वाहिनीवर दिसतात. नागपूरचा किंवा पणजीचा प्रेक्षक त्यासाठी केबलचालकाला किंवा डीटीएच कंपनीला पैसे मोजतोच. उद्या आयप्लेअर सगळ्या जगाला खुला केला, तर सोनीने त्याच कार्यक्रमांसाठी पैसे का मोजावेत? हा प्रश्न रास्त आहे. पण तो ज्यांच्यामुळे उभा राहतो ते प्रेक्षक वेगळे आहेत. सुट्टीवर आलेल्या परवानाधारकाने आपले शुल्क आधीच भरलेले आहे. तो भारतातल्या वाहिनीचा हिरावलेला ग्राहक नव्हे. आठ दिवसांसाठी तो इथे डीटीएच जोडणी घेणार नव्हताच. त्याला प्रवासात पाहू दिल्याने कोणत्याही विक्रीला धक्का बसत नाही. कायम परदेशी राहणाऱ्याच्या बाबतीत हक्कांचा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर सरसकट कुलूप हे नव्हे. जर्मनीकडे पाहावे. एआरडी आणि झेडडीएफ या तिथल्या सार्वजनिक प्रसारकांचे ऑनलाइन दालन परदेशातूनही उघडते. क्रीडा सामने किंवा विकत घेतलेले चित्रपट यांसारख्या हक्क मर्यादित असलेल्या गोष्टी तेवढ्या अडवल्या जातात. स्वतः केलेले बरेचसे कार्यक्रम बाहेरही दिसतात. एकेक कार्यक्रम तपासून अडवणे आणि अख्खे दालन बंद ठेवणे यांतला फरक तंत्राचा नाही, इच्छेचा आहे.

परदेशी प्रेक्षकाकडून थेट पैसे घेण्याचा प्रयोग बीबीसीने केला होता आणि तो फसला, असेही सांगितले जाते. जुलै २०११ मध्ये पश्चिम युरोपातल्या ११ देशांत ‘ग्लोबल आयप्लेअर’ सुरू झाला. महिन्याला ६.९९ युरो दर होता. २०१५ च्या जूनमध्ये तो बंद पडला. पण तिथे मिळत होते काय, हे पाहिल्याशिवाय त्या अपयशाचा अर्थ लावता येणार नाही. तो खरा आयप्लेअर नव्हता. जुन्या कार्यक्रमांतून निवडलेला तो एक संग्रह होता, सुरुवातीला तो फक्त आयपॅडवर चालत होता आणि ज्या अमेरिकेत ब्रिटिश कार्यक्रमांना सर्वांत मोठी बाजारपेठ आहे तिथे तो कधी सुरूच झाला नाही. पुढे आयटीव्ही या ब्रिटिश खासगी प्रसारकाबरोबर काढलेली ‘ब्रिटबॉक्स’ ही सशुल्क सेवा २०१७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि ती चालली. इतकी, की २०२४ मध्ये बीबीसीच्या व्यापारी शाखेने आयटीव्हीचा अर्धा वाटा २५.५ कोटी पौंडांना विकत घेतला. जून २०२५ पासून तर अमेरिकेतल्या वाचक-प्रेक्षकांकडून बीबीसीच्या संकेतस्थळासाठी आणि वृत्तवाहिनीच्या थेट प्रक्षेपणासाठी महिन्याला ८.९९ डॉलर घेतले जाऊ लागले. सीमेपलीकडच्या माणसाकडून पैसे घेणे अशक्य आहे, हा युक्तिवाद आता बीबीसीलाच करता येणार नाही. दार नसले की माणसे भिंत ओलांडतात. आपण दुसऱ्याच देशात आहोत असे भासवणाऱ्या व्हीपीएनसाठी लोक दरमहा पैसे मोजतात, बीबीसी ते अडवत राहते, आणि पैसा जातो व्हीपीएन कंपनीला. कार्यक्रम करणाऱ्या लेखकाला, कलावंताला, संपादकाला त्यातली दमडीही मिळत नाही. बातम्यांबाबत मात्र आमचे मत वेगळे आहे. ऑक्टोबर २०१७ पासून ‘बीबीसी मराठी’ आपल्याकडे मोफत वाचता-पाहता येते, आणि ज्या जागतिक सेवेचा ती भाग आहे तिचा मोठा भार ब्रिटिश परवानाधारकच उचलतो. विश्वासार्ह बातमीला शुल्काचा अडसर नसावा. मनोरंजनासाठी पैसे घ्यावेत, बातमी खुली ठेवावी, ही विभागणी सार्वजनिक प्रसारकाला शोभणारी आहे, आणि अमेरिकेत तिचा भंग झाला हे आम्हाला खटकते.

प्रवासातला प्रेक्षक ओळखायचा कसा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो; प्रत्यक्षात परवाना शुल्काचे भवितव्य त्याच्याशी बांधलेले आहे. २०१७ पासून आयप्लेअरला खाते लागते, पण ते खाते परवान्याशी जोडलेले नाही. तुमच्याकडे परवाना आहे का, असे पडद्यावर विचारले जाते, ‘हो’वर बोट ठेवले की कार्यक्रम सुरू. शुल्क बुडवणारे आणि आपल्याला परवान्याची गरजच नाही असे कळवणारे, दोघांचीही संख्या वाढते आहे. संसदेच्या लोकलेखा समितीने २०२५ मध्ये दाखवून दिले, की या दोन्हींमुळे न मिळणारी रक्कम वर्षाला एक अब्ज पौंडांहून अधिक आहे. परवान्याचे एकूण उत्पन्न सुमारे ३.८ अब्ज पौंड असताना हे भगदाड लहान नव्हे. परवान्याचा क्रमांक खात्याला जोडला, तर दोन्ही प्रश्न एकाच उपायाने सुटू लागतात: घरबसल्या फुकट पाहणारा दिसून येतो आणि प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्याला जगात कुठेही आपली ओळख पटवता येते. प्रामाणिक माणसाला काही अधिक मिळते आहे असे दिसले, तर ही जोडणी त्याला पाळत वाटणार नाही. यात खासगीपणाचा धोका आहे, हे आम्हाला मान्य आहे. कोण काय पाहतो याची नोंद परवाना वसूल करणाऱ्या यंत्रणेच्या हाती जाता कामा नये. परवाना वैध आहे की नाही, एवढेच उत्तर एका बाजूने दुसऱ्या बाजूला जावे, आणि ही मर्यादा कायद्यातच लिहिलेली असावी. एका घरात पाच माणसे असतील तर पाचही खाती त्या घराच्या परवान्याला जोडता यावीत. वर्षातून ठरावीक दिवसच परदेशातून पाहता येईल अशी अट घालायची तर घालावी. आज एकही दिवस मिळत नाही.

याहून खोल आक्षेप वेगळा आहे आणि तो सार्वजनिक प्रसारणाच्या हितचिंतकांचा आहे. परवाना खात्याला जोडला की उद्या कोणी म्हणेल, मग जो पैसे भरेल त्यालाच दाखवा, बाकीच्यांची सक्ती काढा. शुल्काची वर्गणी होईल, बीबीसी आणखी एक नेटफ्लिक्स होईल, आणि लहान मुलांचे कार्यक्रम, वेल्श भाषेतली निर्मिती, प्रादेशिक बातम्या यांना वाली उरणार नाही. ही भीती निराधार नाही. बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते आणि पुढच्या सनदेसाठी सरकारने २०२५ च्या डिसेंबरमध्ये चर्चेला ठेवलेल्या पर्यायांत जाहिराती आणि अंशतः वर्गणीही आहेत. पण शुल्क कोणी भरायचे आणि भरल्याचा पुरावा कसा ठेवायचा, हे दोन वेगळे निर्णय आहेत. जर्मनीत २०१३ पासून टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला प्रसारण शुल्क द्यावे लागते. २०२१ पासून ते महिन्याला १८.३६ युरो आहे. तिथे सक्तीही टिकली आणि परदेशातून पाहण्याची मोकळीकही. सर्वांनी मिळून खर्च उचलायचा हे तत्त्व भक्कम ठेवूनही प्रत्येकाला आपल्या वाट्याची पावती खिशात बाळगू देता येते. उलट, पैसे भरूनही दार बंद असल्याचा अनुभव दर प्रवासात घेणारा माणूसच सक्तीविरोधी प्रचाराला लवकर बळी पडतो. इंटरनेट नसलेल्या वृद्धांचे काय, हाही प्रश्न विचारला जातो. त्यांच्यासाठी मनोऱ्यावरून येणारे प्रक्षेपण चालू राहिले पाहिजे, आणि ते चालू ठेवणे व प्रवासी प्रेक्षकाला ओळखणे यांत काहीच विरोध नाही.

आपल्याकडे टीव्हीचे परवाना शुल्क ऐंशीच्या दशकातच संपले; दूरदर्शन करदात्याच्या पैशावर चालते. पण हक्कांचा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात, इफ्फीच्या उद्घाटनावेळी ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांसारख्या कार्यक्रमांतून मराठी समाजाच्या एका मोठ्या कालखंडाची दृश्य नोंद केली आहे. १९३२ पासून मंडळ चालवणाऱ्या लंडनच्या मराठी माणसांपासून अमेरिकेतल्या दुसऱ्या पिढीपर्यंत तिचे प्रेक्षक पसरलेले आहेत, आणि तो ठेवा नीट सूची करून, चांगल्या प्रतीत मिळाला तर त्यासाठी पैसे मोजणारेही त्यांत असतील. भारतातल्या करदात्यासाठी तो मोफत ठेवून परदेशातल्या प्रेक्षकाकडून माफक वर्गणी घ्यावी आणि ती रक्कम जुन्या फितींच्या जतनासाठीच राखून ठेवावी. त्यासाठी आधी एक काम व्हायला हवे. यापुढे दूरदर्शनची सह्याद्री ही मराठी वाहिनी निर्माते, लेखक आणि कलावंत यांच्याशी जो प्रत्येक करार करील, त्यात परदेशातील ऑनलाइन प्रदर्शनाचा हक्क आणि त्या उत्पन्नातला कलावंतांचा वाटा आजच स्पष्ट लिहिला जावा.