जुनी लढाऊ विमाने जपावयाची, पण कशी?

मुंबई-गोवा महामार्गावरील पालीहून निघालेली शालेय सहल बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात पोहोचली की मुलांना 'सी हॉक' जेट विमान पाहावयास मिळते. १९७१ च्या युद्धात 'विक्रांत'वरून झेपावलेल्या विमानांच्या जातीचे हे विमान आज उघड्यावर मूक उभे आहे. खाऱ्या हवेत पत्रा झिजतो, न फिरणारे इंजिन आतून गंजते. रंगाचा हात हा क्षय झाकतो, थांबवीत नाही. खुद्द 'विक्रांत' तर संग्रहालय होऊनही २०१४ मध्ये भंगारात गेली.

ब्रिटनमध्ये वेल्सबर्न येथे स्वयंसेवकांनी 'व्हल्कन' हे बॉम्बफेकी विमान, उड्डाण न करता, धावपट्टीवर चालते ठेवले. आपल्याकडे २६ सप्टेंबर २०२५ रोजी 'मिग-२१' निवृत्त झाले. त्यांपैकी शेकडो विमाने नाशिकजवळच्या ओझर येथे बांधली गेली. त्यांतील एक तरी तेथेच जमिनीवर चालते ठेवावे. इंधन, सुटे भाग आणि अग्निशमन यांचा खर्च होईल, हे खरे. परंतु चौथऱ्यावर केवळ सांगाडा टिकतो. तंत्रज्ञांच्या हातातील विद्या चालत्या इंजिनापाशीच पुढच्या पिढीला मिळते. ते हात थकण्यापूर्वीच हा निर्णय झाला पाहिजे.