शाळेची जागा आपणच मागायची



आमच्या पाड्यावरची शाळा एका घराच्या पडवीत भरते. कूड कारवीचा, जमीन शेणाने सारवलेली, पावसात एक कोपरा गळतोच. पहिली ते चौथी मिळून एकच मास्तर. इमारतीला पैसे मंजूर झाले असं आम्ही दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा फारेस्टवाले आडवे आले. म्हणे जागा जंगलाची आहे, एक दगड हलवायचा नाही. पैसे आले तसे परत गेले.

आता वरून दुसरंच ऐकतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची गोष्ट 2023 साली सरकारने काढली. नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळची शाळा दाखवली. साहेब म्हणतात, मोठ्या शाळेत पोरांना सोबती मिळतील, खेळ मिळेल, जायला गाडी मिळेल. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या वाटेने पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून न्यावं लागतं, त्या वाटेने सहा वर्षांच्या पोरासाठी गाडी कुठून येणार?

आणि पट कमी का झाला, ते कुणी विचारत नाही. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. पोरं बरोबर जातात. जी राहतात, त्यांचे आईबाप म्हणतात इथे छप्परसुद्धा नाय, त्यापेक्षा आश्रमशाळेत घाला. म्हणजे आधी इमारत होऊ द्यायची नाही, मग पट कमी झाला म्हणायचं, आणि मग शाळाच उचलायची!

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा आहे. त्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे असं आहे. कायद्यात बारमाही टिकणारी इमारत, पिण्याचं पाणी, पोरापोरींना वेगळे संडास, हे सगळं लिहिलेलं आहे. ही सरकारची मेहरबानी नाही.

पण आपलीही एक चूक आम्हाला सांगायची आहे. आपण प्लॉटचे दावे भरले, मोर्चे काढले, रात्रभर कचेरीपुढे बसलो. शाळेची जागा मात्र कुणी मागितली नाही. ती मास्तरची, सरकारची म्हणून सोडून दिली. ज्या वनहक्क कायद्याने आपण प्लॉट मागतो, त्याच 2006 च्या कायद्यात कलम 3(2) आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, रस्ता अशा तेरा सरकारी कामांना त्यात जंगलजमीन देता येते. अटी तीनच. जागा एक हेक्टरपेक्षा कमी, म्हणजे अडीच एकराच्या आत. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. मंजुरी उपवनसंरक्षक देतात, कागद दिल्लीला जात नाही. तेव्हा फारेस्टवाले "1980 चा कायदा आहे" म्हणाले, तर हे कलम पुढे करा. 1980 च्या कायद्यात काहीही असलं तरी ही जागा देता येते, असं त्यातच लिहिलंय.

म्हणून लोक भट्टीवर जायच्या आधीच पाड्याची ग्रामसभा बसवा. निम्म्याहून जास्त माणूस पाहिजे, बाया पाहिजेतच. जागा सगळ्यांनी मिळून पायाने फिरून ठरवा, झाडं मोजा, ठरावात लिहा. पण नुसत्या ठरावाने भागत नाही, प्रस्ताव शिक्षण खात्याने भरायचा असतो. तो भरा म्हणून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. त्याच ठरावात हेही लिहा, की आमच्या पाड्याची शाळा बंद करायला आमची संमती नाही.

आपल्या बापजाद्यांनी जंगल राखलं. त्यातली अर्धा एकर आपल्या पोरांच्या शाळेला मिळत नसेल, तर प्लॉटचा सातबारा वाचणार कोण?

जिंदाबाद!