नळीचं कौतुक, वेष्टनाचं काय?

परवा मावशीचा सांगलीहून फोन. केमोची चौथी सायकल नुकतीच झालीय. "अरे, तू इंजिनिअर ना? त्या बारीक नळ्या सोडून लाइटने गाठ जाळतात म्हणे. पेपरात आलंय. आपल्याकडे मिळतं का रे?" वाचून सांगतो म्हटलं. अख्खा शनिवार त्यातच गेला.

तर या नळ्या म्हणजे कार्बन नॅनोट्यूब. ७०० ते १,१०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला अवरक्त प्रकाश आपलं रक्त फारसं शोषत नाही, म्हणून तो शरीरात थोडा आत शिरतो. नळी मात्र तो शोषते आणि तापते. आजूबाजूची पेशी भाजून मरते. कल्पना झकास!

घोडं पेंड खातं ते पाण्यात. नुसती नळी पाण्यात मिसळतच नाही, काजळीसारख्या गुठळ्या होतात. मग तिच्यावर पेग नावाचं पॉलिमर जोडलेले स्निग्ध रेणू चढवतात. तेलकट शेपटी नळीला चिकटते, पेग बाहेर पाण्यात राहतो. साबण तेलकट डाग सोडवतो ना, तसंच काहीसं. २००५ साली स्टॅनफर्डमध्ये होंगजिए दाई यांच्या गटाने अशा नळ्यांना फोलिक आम्लही जोडलं. ते ओळखणाऱ्या कॅन्सरच्या पेशींनी नळ्या आत घेतल्या आणि ८०८ नॅनोमीटरच्या लेझरखाली त्या मेल्या. साध्या पेशी वाचल्या. पण हे सगळं काचेच्या बशीत!

आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात. प्रॉडक्शनमध्ये काय होतं? वेष्टन असूनही बऱ्याच नळ्या यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात. प्रकाश फार खोल पोचत नाही. २००८ साली तर लांब, अनेक थरांच्या नळ्यांनी उंदरांत अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह केल्याचं दिसलं. त्या नळ्या वेगळ्या जातीच्या, वेष्टन नसलेल्या, हे खरं. पण म्हणूनच लांबी किती, वेष्टन कसलं आणि ते रक्तात किती टिकतं, हेच मुख्य प्रश्न आहेत. बातमीत नेमके तेच नसतात.

संशोधनाला माझा विरोध नाही, उलट आदरच आहे. राग आहे तो मथळ्यांवर. 'बशीत' किंवा 'उंदरात' हा एक शब्द गाळला की वाचणाऱ्याला काय वाटतं, ते मावशीच्या आवाजात ऐकलं.

रविवारी फोन केला. "मावशी, नाही मिळत गं अजून. केमो मात्र चुकवू नकोस."

थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं. पुढच्या सायकलला येशील?"

तिकीट काढलंय.