पातळ नळीचा सांधा

कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरीचे नावच मुळी एका फुटलेल्या कुंभाची आठवण सांगते. प्रलयात वाहत आलेला अमृतघट शंकराच्या बाणाने येथे फुटला, अशी तिची स्थलकथा आहे. तंजावरच्या भोसल्यांमुळे मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही.

कुंभकोणम्‌जवळच्या नाच्चियारकोविलचे पितळी दिवे प्रसिद्ध आहेत. बैठक, दांडा, तेलाची तबकडी व शिखर हे भाग वेगवेगळे ओतून, लेथवर कातून, आट्यांनी जोडतात. एक भाग दुसऱ्याच्या पोटात शिरतो. म्हणून दिवा डळमळत नाही.

घरातील जुनी सायकल दुरुस्त करताना हीच युक्ती उपयोगी पडते. तिच्या सांगाड्याच्या नळीची जाडी जेमतेम एक-दीड मिलिमीटर. त्यातही आतून गंजाने खाल्लेली. तडा गेलेल्या जागी केवळ वरून वेल्डिंग केले, तर ज्योतीने नळीला भोक पडते, किंवा सांधा टिकतो व त्याच्या कडेलाच नवा तडा जातो. मागे मूल बसलेले असताना असे घडले तर काय होईल, हे सांगावयास नको.

कुशल कारागीर प्रथम नळीच्या आत बसेल असा पोलादी बुश कातून घेतो. आतला गंज खरवडून, कॅलिपरने माप घेऊन, तो हाताने सरकेल इतकाच सैल ठेवावा. तड्याच्या दोन्ही बाजूंस नळीच्या व्यासाच्या दीडपट तरी तो आत जावा. त्याची टोके तिरपी कापावीत; सरळ कापल्यास सारा ताण एकाच रेषेवर येतो. नळीला बाजूने भोके पाडून तीही वेल्डने भरावीत, म्हणजे भार वाटला जातो. सांध्याजवळचा रंग व जस्ताचा मुलामा आधी काढावा. जस्ताचा धूर घातक असतो. बंद नळीला हवेसाठी वाट ठेवावी.

बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये, टोकांशी जाड व मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. तत्त्व तेच: जेथे जोड, तेथे जाडी.

मात्र नळी ठिकठिकाणी खपली धरून सुटत असेल, तर बुशाचाही उपयोग नाही, ती बदलावीच. सांधा झाकला गेला म्हणजे जोडला गेला, असे मात्र समजू नये. कारागिराला एवढेच विचारावे: “आत काय घातले आहे?”