ऐकणाऱ्या यंत्राचे कान

भिंतींना कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता ते कान बाजारात मिळतात आणि आपणच ते हौसेने आणून दिवाणखान्यात ठेवतो. ॲमेझॉनचे ‘इको’ अमेरिकेत २०१४ साली आले, भारतात २०१७ साली. २०१९ पासून त्यातली अलेक्सा हिंदीही बोलते.

या यंत्राला मी नावे ठेवणार नाही. ज्यांची नजर अधू झाली, संधिवाताने बोटे वळेनाशी झाली, त्यांना नुसत्या हाकेवर औषधाची आठवण व्हावी, मुलाला फोन लागावा, ही काही चैन नव्हे. त्यांना ‘खासगीपणा जपा, यंत्र नको’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे.

पण ऐकणे वेगळे आणि साठवून ठेवणे वेगळे. आपली हाक यंत्र जागच्या जागी ओळखते. पुढचे बोलणे बहुधा कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जाते. कधी हाक नसतानाही ते जागे होते. बेल्जियमच्या ‘व्हीआरटी’ या प्रसारण संस्थेने २०१९ साली गूगलची हजारावर ध्वनिमुद्रणे ऐकली, तेव्हा त्यांतली १५३ अशी निघाली की यंत्राला कोणी बोलावलेच नव्हते! मुलांचे आवाज साठवल्याच्या प्रकरणात २०२३ साली अमेरिकेत ॲमेझॉनने अडीच कोटी डॉलर भरायचे मान्य केले. आरोप मात्र मान्य केले नाहीत.

कंपन्या म्हणतात, आवाज साठवल्याशिवाय यंत्र सुधारणार कसे? यात तथ्य आहे. त्याला मालवणी कळायची तर कोणाची तरी मालवणी त्याच्या कानावर पडायलाच हवी. मग तसे मागून घ्यावे. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ उपक्रमात लोक आपणहून वाक्ये वाचून आवाज देतात, मराठीही देतात.

कंपनीहून जवळचा कान मात्र आपल्या ध्यानात येत नाही. यंत्र ज्याच्या खात्यावर, त्याला विचारलेले प्रश्न आपल्या फोनवर पाहता येतात. ओळखीच्या एका आजींनी परदेशातल्या मुलाने घेऊन दिलेल्या यंत्राला गुडघेदुखीवर उपाय विचारला. मुलाला काळजी नको म्हणून त्याच्यापासून दुखणे लपवले होते. दोन दिवसांनी त्याचा फोन, ‘आई, मला सांगितले का नाहीस?’ माया खरी, पण आजींचा चेहरा उतरला.

आवाज ज्याचा, पुसायचा अधिकारही त्याचाच असावा. मुलगा सुट्टीत येईल तेव्हा त्याने माइक बंद करायचे बटण आईच्या हाताला लावून द्यावे, आणि खात्यातली जुनी यादी तिला विचारून, तिच्यासमोरच पुसावी.