आकड्याचं कुलूप

मे 2020च्या अखेरीस टाळेबंदी टप्प्याटप्प्यानं उठवण्याचा कार्यक्रम जाहीर करताना तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याला 'पुनश्च हरिओम' म्हटलं. सरकारी कागदावर नाव होतं 'मिशन बिगिन अगेन'. मूळ शब्द टिळकांचे. तुरुंगातून सुटून आल्यावर 1899मध्ये 'केसरी'ची सूत्रं पुन्हा हाती घेताना त्यांनी लिहिलेल्या अग्रलेखाचं ते शीर्षक. गंमत अशी की ज्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळक तुरुंगात गेले, तो 1897 साली पुण्यातल्या प्लेगच्या आणि प्लेग अधिकारी रँडच्या खुनाच्या धामधुमीतच उभा राहिला होता. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं साथरोग कायदा केला आणि सव्वाशे वर्षांनी आपण कोरोनाशी लढायला निघालो ते तोच कायदा हाती घेऊन. मुळात जेमतेम चार कलमांचा हा कायदा साथ आली की काय वाटेल ते बंद करण्याची मुभा सरकारला देतो. बंद केलेलं कशावरून आणि केव्हा उघडायचं, याबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. 2020 ते 2022 या दोन वर्षांत आपल्याकडे जो घोळ झाला, त्याचं मूळ मला या उणिवेत दिसतं. कुलूप लावण्याचा अधिकार पक्का होता, ते काढण्याचा नियम नव्हता.

नियम नसला की त्याची जागा तारीख घेते. पहिली टाळेबंदी 14 एप्रिलपर्यंत होती. मग 3 मे आला, मग 17 मे, मग 31 मे. यातली प्रत्येक तारीख ठामपणे जाहीर झाली आणि पहिल्या तिन्ही तारखा जवळ येताच पुढे गेल्या. 14 एप्रिललाच असं काय बदलणार होतं, हे कुणी सांगितलं नाही, कारण ते कुणाला माहीत नव्हतं. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत ते क्षम्यही होतं. आजार नवा होता, चाचण्यांची सोय तोकडी होती, रुग्णालयांना उसंत हवी होती. पण तारखेवर माणसाला काही बेतता येत नाही. घरभाडं थकलेल्या कामगारानं थांबायचं की गावाला निघायचं? 8 मे 2020च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या रुळांवर सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसं गावाकडची गाडी मिळेल म्हणून भुसावळच्या दिशेनं चालत निघाली होती. त्यांनी काय हिशेब केला होता हे आता कळणार नाही. त्यांच्यापुढची तारीख तोवर दोनदा हलली होती, एवढं मात्र खरं.

तेव्हा वाद झडला तो 'जीव की रोजी' असा. वाहिन्यांवर एका बाजूला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला उद्योजक बसवले की तो रंगायचाही झकास. पण या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत होत्या: सरकारनं परवानगी दिली की व्यवहार सुरू, काढून घेतली की बंद. पुरावा इतका सरळ नाही. डेन्मार्कनं 2020च्या मार्चमध्ये कडक निर्बंध लावले, शेजारच्या स्वीडननं बरंचसं उघडं ठेवलं. बँकेतल्या व्यवहारांवरून अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा डेन्मार्कमधला खर्च 29 टक्क्यांनी आणि स्वीडनमधला 25 टक्क्यांनी घटलेला निघाला. अमेरिकेत ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सायव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी मोबाइलच्या नोंदींवरून दुकानांतली वर्दळ मोजली. ती 60 टक्क्यांनी कमी झाली होती आणि त्यातला सरकारी आदेशांचा वाटा होता जेमतेम 7 टक्के-अंकांचा. उरलेली घट बव्हंशी माणसांनी स्वतःहून, भीतीपोटी केली होती. दुकानाचं शटर वर गेलं म्हणून गिऱ्हाईक आत येत नाही. आता हे आकडे महाराष्ट्राला जसेच्या तसे लावू नयेत, हा आक्षेप मला मान्य आहे. भिऊन घरी बसायलाही गाठीला पैसे लागतात. कोपनहेगनच्या माणसाला ते परवडतं, धारावीतल्या कातडी कामगाराला नाही. आपल्याकडे एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घसरलं. त्यात भीती किती आणि हुकूम किती हे वेगळं काढणं अवघड असलं, तरी हातावर पोट असलेल्यावर घाव बसला तो हुकमाचा. म्हणून तर हुकूम कशानं उठणार, हे सगळ्यांत आधी त्याला कळायला हवं होतं.

हे करता येतं, आणि महाराष्ट्रानं ते एकदा केलंही होतं. दुसरी लाट ओसरू लागल्यावर 4 जून 2021च्या रात्री राज्य सरकारनं पाच स्तरांचा आदेश काढला. त्या दोन वर्षांत निघालेल्या आदेशांच्या ढिगात हा कागद मला सर्वांत शहाणा वाटतो. जिल्ह्याचं आणि मोठ्या महापालिकेचं भवितव्य त्यानं दोन आकड्यांना बांधलं: चाचण्यांमधलं बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजनच्या भरलेल्या खाटा. बाधित 5 टक्क्यांच्या आत आणि खाटा 25 टक्क्यांच्या आत, तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. बाधित 20 टक्क्यांच्या वर किंवा खाटा 75 टक्क्यांच्या वर गेल्या, तर पाचवा. आकडे गुरुवारी बघायचे, अंमल सोमवारपासून. तिसऱ्या स्तरातल्या दुकानदाराला दुपारी चारला शटर ओढावं लागे आणि खासगी कार्यालयांना निम्म्या हजेरीवर भागवावं लागे. पण आपण किती पायऱ्या खाली आहोत आणि वर चढायला काय लागेल, हे त्याला वर्तमानपत्रातल्या चौकटीवरून स्वतः काढता येत होतं. मंत्र्याच्या तोंडाकडे बघण्याची गरज नव्हती. (त्या आठवड्यात ती सोयही नव्हती म्हणा. आदल्याच दिवशी मदत व पुनर्वसनमंत्र्यांनी निर्बंध उठल्याचं जाहीर केलं आणि काही तासांत मुख्यमंत्री कार्यालयानं तो अजून नुसता प्रस्ताव असल्याचा खुलासा केला.)

मग या शहाण्या कागदाचं काय झालं? मुंबई तिसऱ्या स्तरात सुरू झाली. जूनच्या मध्यावर तिथलं बाधितांचं प्रमाण 4 टक्क्यांखाली आलं आणि ऑक्सिजनच्या खाटा पाव भागाहूनही कमी भरलेल्या होत्या. म्हणजे सरकारच्याच कोष्टकाप्रमाणे शहर पहिल्या स्तरात बसत होतं. महापालिकेनं ते तिसऱ्यातच ठेवलं. दाट वस्ती, बाहेरून येणारे लोंढे, तिसऱ्या लाटेची शक्यता ही कारणं दिली गेली. ती खोटी नव्हती, पण 4 जूनलाही ती तितकीच खरी होती. त्यांचा विचार कोष्टक आखताना करायचा होता, निकाल लागल्यावर नव्हे. पुढे 25 जूनला, विषाणूच्या डेल्टा प्लस या अवताराच्या धास्तीनं, राज्यभर कुठलाही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या वर नेता येणार नाही असा आदेश आला. नागपूरसारखी पहिल्या स्तरात गेलेली शहरं खाली ओढली गेली. तीन आठवड्यांत पाच पायऱ्यांच्या जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्या काढून टाकल्या गेल्या. त्या परत कधी बसवणार, कशावरून बसवणार, हे आदेशात नव्हतं. व्यापाऱ्यांनी पुढे चारच्या मुदतीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा त्यांना हटवादी म्हणणं सोपं होतं. नियम पाळून पास झालेल्या मुलाला वरच्या वर्गात बसू दिलं नाही तर तो दंगा करणारच.

यावर प्रशासनाचं उत्तर असं असतं की विषाणू कोष्टक वाचून वागत नाही. नवा अवतार आला तर सरकारचे हात मोकळे हवेत. हात मोकळे हवेतच. एप्रिल 2021मध्ये राज्याची ऑक्सिजनची गरज इथल्या उत्पादनाच्या कितीतरी पुढे गेली होती, ते विसरून चालणार नाही. पण मोकळे हात आणि उत्तर न देण्याची सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेल्टा प्लसबद्दल शंका होती, तर अमुक इतक्या आठवड्यांत तमुक नमुने तपासू आणि धोका दिसला नाही तर जुना जिना परत लावू, एवढं लिहायला काय हरकत होती? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आकडा फसवता येतो. बाधितांचं प्रमाण खाली आणायचं असेल, तर लक्षणं नसलेल्यांच्या अँटिजेन चाचण्यांचा सपाटा लावा. भागाकारात छेद फुगला की टक्का आपोआप उतरतो. त्यामुळे 25 जूनच्या आदेशानं यापुढे फक्त आरटीपीसीआर चाचण्याच धरा असं सांगितलं, तो भाग योग्यच होता. खाटांचा आकडा फसवणं त्या मानानं कठीण, पण तो उशिरा बोलतो: आज लागण झालेला माणूस ऑक्सिजनवर जाईपर्यंत आठवडा-दीड आठवडा जातो. यावर उपाय आकडा सोडून देणं हा नाही. बंद करण्याचा उंबरठा खाली ठेवावा, उघडताना एकेक पायरी चढावी आणि दोन आकडे एकमेकांवर पहारेकरी म्हणून बसवावेत.

कोणता आकडा धरावा, याचा धडा जानेवारी 2022नं दिला. ओमायक्रॉनची लाट चढत असताना मुंबईत रोजचे रुग्ण 20 हजारांवर गेले तर टाळेबंदी लावावी लागेल, असं तेव्हाच्या महापौरांनी पत्रकारांना सांगितलं. दोनच दिवसांत तो आकडा ओलांडला गेला. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईनं 11 हजारांच्या आसपास शिखर गाठलं होतं, त्याच्या जवळपास दुप्पट. टाळेबंदी लागली नाही. न लावणंच बरोबर होतं, कारण खाटा रिकाम्या होत्या आणि शहराचं लसीकरण बरंच पुढे गेलं होतं. राज्यानं 11 ऑगस्ट 2021च्या आदेशात वेगळाच आकडा लिहून ठेवला होता: वैद्यकीय ऑक्सिजनची रोजची मागणी 700 मेट्रिक टनांवर गेली तर पुन्हा सगळं बंद. ओमायक्रॉनच्या लाटेत तेवढी मागणी झालीच नाही आणि कारखाने, बाजार, बहुतेक कार्यालयं चालू राहिली. महापौरांचा आकडा रुग्ण मोजत होता, सरकारचा आकडा रुग्णालयाची दमछाक मोजत होता. साथीत बंद-उघड ठरवायला दुसराच उपयोगी, आणि तो आधी लिहिलेला असल्यामुळेच ऐन धांदलीत टिकला. शाळांना मात्र असा कुठलाच आकडा नव्हता. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग 15 डिसेंबरला उघडले आणि 4 जानेवारीला पुन्हा बंद झाले. मुलं घरी राहिली की कामावर जाणारी आई घरी राहते, हे हजेरीपत्रकावरच्या 50 टक्क्यांच्या हिशेबात धरलं गेलं नाही.

आकडा ठरवला, पाळला, तरी तो पुरा करणं माणसाच्या हाती असलं पाहिजे. इथं मुंबईच्या लोकलचा विचार करावा लागतो. मार्च 2020पूर्वी रोज पाऊण कोटीहून जास्त माणसं ज्या गाडीनं जात होती, ती गाडी सोडून कार्यालयं उघडणं म्हणजे दुकान उघडून गल्ली बंद ठेवणं. 7 जून 2021पासून खासगी कार्यालयं निम्म्या हजेरीनं सुरू झाली. लोकलमध्ये अत्यावश्यक सेवेच्या ओळखपत्राशिवाय प्रवेश नव्हता. बेस्टच्या बसमध्ये उभ्यानं प्रवासाला मनाई. बनावट ओळखपत्रं निघाली ती या फटीतून. पुढे 8 ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की लशीचे दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांना 15 ऑगस्टपासून लोकल खुली. निकष स्पष्ट, आरोग्याच्या दृष्टीनं पटण्याजोगा. पण डोंबिवलीचा पस्तिशीतला एक कारकून डोळ्यांसमोर आणा. लशींच्या तुटवड्यामुळे त्याच्या वयोगटाचं लसीकरण राज्यानं मे महिन्यात थांबवलं होतं. समजा 21 जूनला त्यानं कोव्हिशील्ड घेतली. दोन डोसांतलं अंतर केंद्रानं 84 दिवसांवर नेलेलं, म्हणजे दुसरा डोस 13 सप्टेंबरच्या आधी नाही. त्यावर 14 दिवस. त्याचं कार्यालय 7 जूनला उघडलं होतं. त्याला लोकलचा पास काढता आला असता 27 सप्टेंबरला.